टेकलेला ठोकळा

माझे भावोजी दिवसभर स्टुलावर बसून ट्रकच्या चाकाकडे बघत असत आणि त्यांना त्याचा पगार मिळत असे. हे ऐकून लोक हसतात. मीही नऊ वर्षं हसलो. हसायचा सगळ्यात जास्त हक्क माझाच होता, कारण एक तर ते माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि दुसरं म्हणजे त्याच ट्रकवरचा विंच मी चालवायचो. राहायलाही मी ताईकडेच, म्हणजे घरीही तेच, कामावरही तेच. पळणार कुठं?

आमचं काम अवजड यंत्रं हलवण्याचं. कुणाचा बॉयलर, कुणाचं छपाईचं यंत्र, कुणाची लेथ. विंच म्हणजे केबिनच्या मागं बसवलेलं लोखंडी रीळ, त्यावर अंगठ्याएवढी जाड तारेची दोरी. दोरीचं टोक यंत्राला अडकवायचं, मी दांडा दाबला की रीळ फिरायला लागतं आणि यंत्र फळ्यांवरून सरकत सरकत ट्रकमध्ये येतं. दिसायला सोपं आहे. गोम एवढीच की दोरीला दोन टोकं असतात. ट्रक यंत्राला ओढतो तेव्हा यंत्रही ट्रकला ओढत असतं, आणि त्यांच्यात कोण हलणार हे दोघांनी आधी ठरवलेलं नसतं. यंत्र हलायच्या ऐवजी ट्रक हलला, तर खाली यंत्राच्या मागं उभ्या असलेल्या माणसांचं काय होईल ते मी इथं लिहीत नाही.

तर तो ट्रक हलू नये, हे भावोजींचं काम. त्यांच्याकडे पाचरीसारखे कापलेले चार लाकडी ठोकळे होते. प्रत्येकाला एक दोरी बांधलेली, म्हणजे काढताना चाकाखाली हात घालावा लागू नये. ठोकळा चाकाला लावायचा, हातोडीनं ठोकायचा, मग ठोकळा आणि टायर यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकवून बघायचा. कपटा आत गेला तर ठोकळा नीट टेकलेला नाही, पुन्हा ठोका. चारही झाले की टायरवर खडूनं रेघ मारायची आणि तीच रेघ पुढं रस्त्यावर न्यायची. मग समोर स्टूल टाकून, तोंडात शिट्टी धरून बसायचं. रेघ तुटली, म्हणजे टायरवरची एकीकडे आणि रस्त्यावरची दुसरीकडे झाली, की शिट्टी. शिट्टी वाजली की मी विंच थांबवायचा. ट्रकची चावी तेवढा वेळ त्यांच्या खिशात. कामगार त्यांना ठोकळेबुवा म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

नऊ वर्षांत ती शिट्टी दोनदा वाजली. पहिल्यांदा रेघेवर एक कुत्रं येऊन बसलं म्हणून. दुसऱ्यांदा भावोजींना शिंक आली, आणि शिट्टी तोंडात होती.

घरीही हा माणूस सुटलेला नव्हता. चाक असलेली कुठलीही वस्तू त्यांना बघवत नसे. बाळाच्या गाडीला ठोकळा, ताईच्या शिलाई मशीनला ठोकळा, फ्रिजला चाकं नव्हती तरी त्याच्या एका पायाखाली लाकडाची चकती. गल्लीत भाजीवाल्याची गाडी उभी दिसली की जाता जाता पायानं दगड सरकवायचे. भाजीवाला बिचारा गाडी ढकलायचा, ढकलायचा, घामाघूम व्हायचा आणि मग खाली वाकून आमच्या घराकडे बघून शिव्या द्यायचा. लग्नाआधी ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा सायकल भिंतीला टेकवली, स्टँड लावलं, कुलूप घातलं, आणि तरी चाकाखाली एक वीट ठेवली. आमचे वडील खिडकीतून बघत होते. ‘‘हा माणूस पोरीला कधी वाऱ्यावर सोडणार नाही,’’ ते म्हणाले. आई म्हणाली, ‘‘पोरीचं लग्न माणसाशी लावायचंय, विटेशी नाही.’’ पण वडिलांपुढं कुणाचं चालतंय?

एवढी धास्ती घेतलेला माणूस, म्हणजे तरुणपणी काहीतरी भयंकर पाहिलं असणार, असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. एकदा मी विचारलंच. ‘‘भावोजी, तुमच्या डोळ्यांदेखत कधी ट्रक सुटला होता का हो?’’

‘‘नाही बुवा.’’

‘‘काहीच झालं नव्हतं?’’

‘‘कसं होईल? ठोकळे लावले होते ना.’’

मी कपाळाला हात लावला. मला उशिराचा मनस्वी राग येतो. विंचचं इंजिन चालू आहे, माणसं ताटकळली आहेत आणि हा गृहस्थ गुडघ्यावर बसून कागदाचा कपटा सरकवतोय. मी विंचवरून ओरडायचो, ‘‘अहो भावोजी, आज करायचंय का उद्या?’’ ते मान वर न करता म्हणायचे, ‘‘करू की,’’ आणि पुढचा ठोकळा घ्यायचे.

असं सुखानं चाललं होतं, तोच मालकांचा पुतण्या धंद्यात आला. बरंच शिकलेला, हातात भलंमोठं घड्याळ. पहिल्याच आठवड्यात त्यानं कुठलं काम किती मिनिटांत होतं ते लिहून काढलं आणि त्यात त्याला एक माणूस सापडला, जो काहीच करत नाही. तो मालकांना म्हणाला, ‘‘काका, नऊ वर्षांत दोन शिट्ट्या. एक कुत्र्याची, एक शिंकेची. नव्या ट्रकचा हँडब्रेक कसला दणकट आहे! हे स्टूल कशासाठी?’’

ठरलं असं, की भावोजींना गोदामाच्या गेटवर बसवायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. मालक तसे जुन्या वळणाचे, एकदम तोडून टाकणारे नव्हेत. म्हणाले, ‘‘गुरुवारी लाँड्रीचं काम आहे. मी स्वतः येऊन बघतो, मग सांगतो.’’

भावोजींचं जेवण तुटलं. पानात वाढलेलं तसंच राहायचं. ताईनं विचारलं तर म्हणाले, ‘‘गेटवर बसायला माझी ना नाही. पण मग चाकाकडं कोण बघणार?’’ बुधवारी संध्याकाळी ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि लाटणं हातात धरूनच म्हणाली, ‘‘तू रोज तिथं असतोस. नऊ वर्षं त्यांची टिंगल केलीस. आता त्यांच्यासाठी काहीतरी कर.’’

मी रात्रभर विचार केला. अडचण मोठी विचित्र होती. मालक बघायला येणार, आणि भावोजींनी काम नीट केलं तर मालकांना बघायला काहीच मिळणार नाही! हा माणूस जेवढा चोख, तेवढा बिनकामाचा दिसणार. त्याला वाचवायचं तर मालकांसमोर शिट्टी वाजायला हवी. खरीखुरी, कुत्रं किंवा शिंक न येता.

लाँड्री एका इमारतीच्या तळघरात होती. मागच्या गल्लीतून खाली एक सिमेंटचा रॅम्प जायचा आणि तिथं अडीच टनांचं कपडे धुवायचं यंत्र, बंद पडून, गंजून बसलेलं. ट्रक गल्लीत उभा केला, ढुंगण रॅम्पकडे. गल्लीला थोडा उतार होता, तो ट्रकच्या तोंडाकडे. भावोजींनी दोन ठोकळे पुढच्या चाकांच्या पुढं लावले आणि दोन घेऊन मागं निघाले.

पुतण्या आडवा आला. ‘‘उतार पुढं आहे. मागं कशाला ठोकळे?’’

‘‘उतार पुढं ओढतोय साहेब. पण विंच सुरू झाला की मशीन मागं ओढणार. मशीन उतारापेक्षा जड आहे.’’

‘‘हँडब्रेक ओढलाय ना?’’

‘‘ओढलाय की. हँडब्रेक चाकाला फिरू देत नाही. पण चाक न फिरताही घसरतं. आपण न्हाणीघरात घसरतो, तेव्हा कुठं फिरत असतो?’’

मालक गेल्याच महिन्यात न्हाणीघरात घसरले होते आणि अजून कमरेला पट्टा बांधून हिंडत होते. त्यांनी घसा खाकरला. मी आकाशाकडे बघितलं. भावोजींच्या मनात तसलं काही नव्हतं, हेच त्यातलं वाईट.

पस्तीस मिनिटं गेली. पुतण्या दर पाच मिनिटांनी घड्याळ मालकांच्या नाकासमोर धरत होता. ठोकळे लागले, कपटे सरकवून झाले, रेघ मारून झाली, आणि तेवढ्यात लाँड्रीवाल्या बाईंनी सगळ्यांना चहाला बोलावलं. सगळे आत गेले. मी म्हणालो, माझं पोट ठीक नाही.

गल्लीत कुणी नव्हतं. मागच्या डाव्या ठोकळ्याची दोरी धरली आणि हळूच ओढली. घट्ट बसला होता, दोनदा हिसका द्यावा लागला. मग उजवा. दोन्हीकडे टायर आणि ठोकळ्यामध्ये चार बोटांची फट राहिली. माझा हिशेब साधा होता. विंच सुरू होईल, ट्रक चार बोटं सरकेल, ठोकळ्याला टेकून थांबेल. रेघ तुटेल, शिट्टी वाजेल, मालक चमकतील, पुतण्याचं तोंड बंद. कुणाला खरचटणारही नाही. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

चहा झाला. आमची दोन माणसं पहारी घेऊन रॅम्पवरून खाली गेली. एकाला आम्ही पैलवान म्हणायचो, कारण तो फुंकर मारली तर उडेल असा होता. दुसरा वकील, कारण तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाद घालायचा. यंत्र वर चढत असताना त्याच्या मागं राहून लाकडाचे तुकडे सारत जायचं, हे त्यांचं काम. मालक कठड्याला टेकून उभे राहिले. पुतण्या म्हणाला, ‘‘करा सुरू.’’ मी दांड्यावर हात ठेवला.

भावोजी स्टुलावर बसले. आणि उठले.

मी पुरता विसरलो होतो. चहा झाल्यावर ते ठोकळे पुन्हा बघायचे, नेहमी. म्हणायचे, माणसं चहाला गेली की ठोकळ्यांना पाय फुटतात. नऊ वर्षं मी हे रोज पाहिलं होतं, पण तेवढा वेळ मी त्यांच्यावर ओरडण्यात गुंतलेला असायचो, त्यामुळे ते काय करतात ते कधी डोक्यात शिरलंच नव्हतं.

ते डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसले. कपटा काढला. कपटा गेला, बोटं गेली, पंजा गेला. मग उजवीकडे जाऊन तेच केलं. मग त्यांनी वर बघितलं, सरळ माझ्याकडे. ओढलेल्या दोऱ्या जमिनीवर ताणून पडलेल्या होत्या, आणि चहाला न गेलेला मी एकटाच होतो. मी विंचच्या रिळाकडे बघू लागलो.

‘‘आता काय?’’ पुतण्या ओरडला.

नुसतं एक वाक्य पुरे होतं. मालक, कुणीतरी ठोकळे ओढलेत, या या, बघा. मालक दहा पावलांवर उभे होते. नोकरी तिथंच वाचली असती, आयुष्यभराची. भावोजी म्हणाले, ‘‘काही नाही साहेब. जरा सैल वाटले,’’ आणि हातोडी घेऊन दोन्ही ठोकळे पुन्हा टायरला भिडवले. कपटा घालून बघितला. मग येऊन बसले आणि मला हात केला.

सव्वा तास लागला. मधेच फळीच्या सांध्यावर यंत्र अडकलं. दोरी ताणून ताणून गुणगुणायला लागली, ट्रकचं बूड खाली दबलं आणि मागचे दोन्ही ठोकळे असे करकरले की मला ते इंजिनच्या आवाजातही ऐकू आलं. सगळा भार त्या दोन लाकडांवर आला होता. खालून वकिलाचा आवाज येत होता. फळी डावीकडे घ्यायची की उजवीकडे, यावर तो पैलवानाशी भांडत होता, अडीच टनांच्या खाली उभा राहून. नऊ वर्षं मी त्या आवाजाला वैतागलो होतो. त्या दिवशी तो थांबू नये असं मला इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. यंत्र धाडकन सांधा ओलांडून पुढं आलं. रेघ होती तिथंच होती.

यंत्र ट्रकमध्ये बसलं, साखळ्या आवळल्या. मालक कंबर सावरत आले. ‘‘काम झकास झालं,’’ ते म्हणाले. ‘‘पण ठोकळेबुवा, खरं सांगू? मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. काहीच झालं नाही.’’

‘‘हेच तर मी म्हणतोय काका,’’ पुतण्या म्हणाला.

‘‘तुम्ही सोमवारपासून गेटवर बसा. तिथं सावली आहे, पंखा आहे. आता वयही झालं.’’

‘‘बरं मालक,’’ भावोजी म्हणाले आणि बाहीनं टायरवरची रेघ पुसायला लागले. नीट पुसत होते, कोपऱ्यापर्यंत.

माझं डोकं फिरलं. कुणावर फिरलं ते मला अजून नक्की माहीत नाही. मी विंचवरून उडी मारली आणि मालकांच्या तोंडासमोर जाऊन ओरडलो, ‘‘काहीच झालं नाही म्हणजे काय? कसं होईल? मी ठोकळे ओढले होते! दोन्ही, मागचे, चार चार बोटं! तुम्ही आत चहा पीत होता तेव्हा. ह्यांनी बघितले, ह्यांनी परत लावले आणि माझं नाव घेतलं नाही. बघताय कुठं तुम्ही डोळ्यांत तेल घालून?’’

मालक भावोजींकडे वळले. ‘‘हा काय म्हणतोय? खरं आहे हे? चार बोटं ओढले होते?’’

‘‘रागाच्या भरात बोलतोय मालक, सोडून द्या,’’ भावोजी म्हणाले. मग थांबले. मोजमापाच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता यायचं नाही. ‘‘चार नाही. डावा पाच बोटं होता.’’

वकील रॅम्पच्या तोंडाशी पहार धरून उभा होता. त्यानं पहार खाली ठेवली. पैलवान म्हणाला, हळू आवाजात, ‘‘आम्ही खाली होतो रे.’’

मला त्या दोघांकडे बघवेना.

मालकांनी निकाल तिथंच दिला. भावोजी ट्रकवरच राहतील. पुतण्यानं महिनाभर त्यांच्या शेजारी बसून चाकाकडे बघायचं, घड्याळ काढून. विंच वकील चालवेल, त्याला येतो. आणि त्याच्या जागी, यंत्राच्या मागं, खाली, तीन महिने मी.

घरी ताईनं दार उघडलं ते बोलतच. ‘‘काहीतरी कर म्हणाले होते मी! हे कर म्हणाले होते का?’’ मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ती दमून आत गेल्यावर मी भावोजींच्या शेजारी बसलो.

‘‘मला वाटलं, ट्रक सरकेल आणि ठोकळ्याला टेकून थांबेल.’’

‘‘टेकत नाही रे. धडकतो. टेकलेला ठोकळा भार घेतो, लांब ठेवलेला मार खातो. मार खाल्लेला ठोकळा उडतो.’’ ते हे रागानं बोलत नव्हते, आणि त्यानंच मला जास्त लाज वाटली.

‘‘पण मालकांना सांगायचं होतंत ना. तुमची जागा जात होती.’’

‘‘तुझी गेली असती.’’

‘‘मग जाऊ द्यायची!’’

‘‘तुझ्या ताईला काय सांगू मग?’’ ते म्हणाले, आणि पानात वाढलेलं सगळं जेवले, वर मागून घेतलं.

सोमवारी एका बेकरीची जुनी भट्टी काढायची होती. तीही तळघरात. मी पहार घेऊन पैलवानाबरोबर खाली उतरलो. वरून रॅम्प नेहमी साधा वाटायचा, गाडी सहज चढेल असा. खालून तो भिंतीसारखा दिसतो. माझ्या नाकासमोर भट्टीची काळी पाठ होती, तिच्यावर ताणलेली दोरी, दोरीच्या वरच्या टोकाला ट्रकचं बूड, आणि त्याच्याखाली एका बाजूला, माझ्या तळहातात मावेल एवढा, ठोकळ्याचा कोपरा दिसत होता.

वकील वरून ओरडला, ‘‘सुरू करू का?’’

‘‘थांब!’’ मी म्हणालो. ‘‘भावोजी! ठोकळे बघितले का?’’

‘‘बघितले.’’

‘‘डावा?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘कपटा घालून?’’

‘‘तीनदा घातला,’’ भावोजींचा आवाज आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात वैताग होता. ‘‘अरे, नऊ वर्षं उशीर होतो म्हणून तूच माझं डोकं खायचास ना?’’

‘‘तेव्हा मी वर होतो, भावोजी. एकदा परत बघा ना.’’

वर भावोजींचे गुडघे कटकन वाजले, चालल्याचा आवाज झाला आणि डाव्या चाकापाशी हातोडी पडली, दोनदा. मग उजव्या चाकापाशी. शेजारी पैलवानानं श्वास सोडला, तेव्हा मला कळलं की तोही नऊ वर्षं रोज याचीच वाट बघत उभा असायचा.